एजंटचं बिल कसं वाचावं

परदेशातल्या विक्रीची बिलं तपासण्यात माझी 22 वर्षं गेली. एवढ्या काळात एकाही कागदावर 'लाच' हा शब्द आला नाही. आले ते 'सल्ला शुल्क', 'बाजार अभ्यास', 'समन्वय खर्च'. म्हणून परदेशी व्यवहार पहिल्यांदा हाताळणाऱ्याला मी कायदा नंतर सांगते. आधी एजंटचं, म्हणजे परदेशात आपला माल विकून देणाऱ्या मध्यस्थाचं, एक जुनं बिल हातात देते आणि म्हणते, वाच.

सुरुवात 'कशाबद्दल' या रकान्यापासून करा. नुसतं 'टेंडरसंबंधी सेवा' असं लिहिलं असेल तर बिल परत पाठवा. कोणत्या तारखेला कोणाला भेटलात, कोणते कागद तयार केलेत, हे लेखी मागवा. खरोखर काम करणारा एजंट रागावत नाही; तो इतके कागद पाठवतो की वाचताना डोळे मिटायला लागतात. मग कमिशनची टक्केवारी बघा. तेच मशीन, तेच काम, आणि एका देशात 3 टक्के तर शेजारच्या देशात 11? मधले 8 टक्के कोणाचे, ते विचारा. सर्वांत शेवटी बँक खातं. काम एका देशात, एजंट दुसऱ्या देशातला आणि पैसे तिसऱ्याच देशातल्या भलत्या नावाच्या कंपनीला जाणार असतील, तर पैसे थांबवा. बाकीची चौकशी नंतर.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी असलं एक बिल मी मंजूर केलं. सोबत सुबक छापलेला 'बाजार अहवाल' होता. पुढे कळलं, तो एका माहितीपत्रकातून जसाच्या तसा उतरवला होता आणि एजंट हा टेंडर उघडणाऱ्या अधिकाऱ्याचा मेहुणा होता. त्या फाइलवर माझी सही आहे. तेव्हापासून एजंट नेमण्याआधी दोन प्रश्न लेखी विचारते: कंपनीचे खरे मालक कोण, आणि त्यांच्यातल्या कोणाचं सरकारी अधिकाऱ्याशी नातं आहे का? खोटं बोलणारा बोलेलच, पण निदान ते खोटं त्याच्या सहीनिशी आपल्याकडे राहतं.

सहीवरून आठवलं. सीमेन्स या जर्मन कंपनीच्या लाच प्रकरणात अमेरिकी तपासात निघालं की पैसे मंजूर करणाऱ्यांच्या सह्या चिकट चिठ्ठ्यांवर घेतल्या जात. हवं तेव्हा काढून टाकता याव्यात म्हणून. 2008 मध्ये कंपनीला अमेरिका आणि जर्मनी मिळून सुमारे 1.6 अब्ज डॉलर भरावे लागले. गंमत अशी की त्याच जर्मनीत 1999 पर्यंत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येत होती. तेव्हा लाचेला 'ही तिकडची पद्धतच आहे' म्हणतात, ती नेमकी कुठली?

हे वाक्य मला तिकडच्या माणसांपेक्षा आपल्याच विक्री विभागाकडून जास्त ऐकायला मिळालं. जपानचं उदाहरण घ्या. भेटवस्तूंच्या देवाणघेवाणीला तिथे मोठा मान आहे. पण अमेरिकेच्या लॉकहीड कंपनीने विमानं विकण्यासाठी पैसे चारल्याचं 1976 मध्ये बाहेर आलं, तेव्हा 'ही आमची रीतच' म्हणून कोणी सोडून दिलं नाही. माजी पंतप्रधान काकुएई तानाका यांना अटक झाली. पुढच्याच वर्षी अमेरिकेने परदेशातल्या लाचेविरुद्ध कायदा केला.

त्यामुळे रीत कोणती आणि लाच कोणती, हे एजंटला विचारू नका. तिथल्या वकिलाला विचारा. प्रश्न एवढाच: इथल्या सरकारी नोकराला काय घ्यायची परवानगी आहे? आपल्याच अधिकाऱ्याला लाच द्यायला कायद्याने मुभा देणारा देश मला अजून भेटलेला नाही. आणि रीत असेल तर ती चारचौघांत होते, देणाऱ्याचं नाव घेऊन.

पण फरक खरेच असतात, आणि उर्मटपणे नकार दिलात तर चांगला ग्राहकही जातो. काही ठिकाणी कराराआधी तीन-चार भेटी नुसत्या ओळखीच्या असतात. त्यात घाई करू नका. भेटवस्तू नाकारणं अपमान ठरत असेल तर कंपनीच्या वतीने सगळ्यांसमोर घ्या आणि परतल्याबरोबर नोंदवहीत लिहा. द्यायची असेल तर कार्यालयाच्या पत्त्यावर द्या, घरी नको. टेंडर चालू असताना तर काहीच नको. कोणी थेट मागणी केली तर त्याच्या हाताखालच्या माणसांसमोर नीतीचे धडे देऊ नका. बाजूला घेऊन सांगा, 'हे दिलं तर माझी नोकरी जाईल.' हे कारण जगात सगळीकडे समजतं.

बंदरातली चिरीमिरी हे वेगळंच प्रकरण. नेहमीचंच काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेला अमेरिकी कायद्यात सूट आहे. ब्रिटनच्या 2010 च्या कायद्यात नाही. त्या सवलतीच्या भरवशावर राहू नका. माझ्या अनुभवात अशी निम्मी मागणी आपल्याच उशिरामुळे उभी राहते: माल उद्या सुटलाच पाहिजे, हे समोरच्याला कळलेलं असतं. वेळापत्रकातच चार दिवस जास्त धरा. पैसे मागितले तर पावती आणि नाव मागा. रक्कम बऱ्याचदा तिथेच विरघळते. मात्र जिवावर बेतलं, कोणी धमकावून अडवून ठेवलं, तर पैसे द्या आणि सुटा. त्याच दिवशी सगळं कार्यालयाला लेखी कळवा आणि हिशोबात ती रक्कम खऱ्या नावाने दाखवा.

संशयास्पद बिल सापडलं की एजंटला 'जरा नीट करून पाठवा' असा मेल चुकूनही करू नका; तो नीट करूनच पाठवेल. मूळ प्रत जपून ठेवा. तुम्ही पैसे थांबवलेत की एजंटचा फोन तुम्हाला येणार नाही, तुमच्या साहेबांना जाईल. त्याआधी कागद घेऊन कायदा विभागात जा, आणि तिथून साहेबांकडे.