एकापेक्षा जास्त फिशटँक: फिल्टर-हीटर लावण्याआधीची यादी

थंडीच्या तोंडावर घरात तीन-चार टाक्या मांडायच्या असतील तर दुकानात जाण्याआधी कागद घ्या आणि सगळ्यात वर लिहा: नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (हवेच्या नळीत बसणारा छोटा तुकडा, हवा टाकीकडे जाऊ देतो, पाणी मागे येऊ देत नाही), प्रत्येक टाकीला एक. गेल्या खेपेला माझ्या यादीत बाकी सगळं होतं, नेमका हा नव्हता. तेव्हा हा मुद्दा पुन्हा पुन्हा येणार आहे.

काच, रेती, झाकण, जाळी हे कोणी विसरत नाही, सोडून देते. रॅकबद्दल एवढंच की एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि काच-रेती वेगळी. रॅक भिंतीला लावून ठेवा, बाल्कनीच्या टोकाला नको.

आता मापं. लांबी, रुंदी, उंची इंचांत मोजा, गुणाकार करा आणि ६१ने भागा, लिटर मिळतील. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी ५७ लिटरची भरते, तीन बाय दीड बाय दीड फुटाची १९१ लिटरची. रेती-दगड घातल्यावर आणि वर दोन बोटं जागा सोडल्यावर खरं पाणी दहा-पंधरा टक्के कमीच असतं. प्रत्येक टाकीचा आकडा वेगळा लिहा. सगळ्यांसाठी एकाच मापाचा हीटर आणि एकाच मापाचा फिल्टर उचलून आणण्याची घाई इथेच आवरा.

मग कोणती टाकी कुठे, ते ठरवा. बंद खोलीत गरम हवा वर जाते, त्यामुळे रॅकचा वरचा कप्पा खालच्यापेक्षा जरा उबदार असतो. डिस्कस माशाला २८ ते ३० अंश लागतात, बेट्टा माशाला २५ ते २७. त्यांना वर ठेवा. गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे, त्याला हीटर नको, तो खाली. गोल्डफिश आणि गरम पाण्यातला एंजल मासा एका टाकीत घालून मधलं तापमान धरायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडून द्या, दोघांचेही हाल होतात. एक लहान टाकी आजारी किंवा नव्या माशासाठी रिकामी राखा. तिलाही हीटर आणि स्पंज फिल्टर लागतो, हे हिशेबात धरा.

फिल्टर. गोल्डफिश भरपूर घाण करतो, त्याच्या मोठ्या टाकीला पॉवर फिल्टर (स्वतःची मोटार असलेला) किंवा कॅनिस्टर (टाकीबाहेर ठेवायचा डबाबंद फिल्टर) घ्या. तासाला टाकीतलं पाणी चार-पाच वेळा फिरेल असा पंप बघा. खोक्यावरचा आकडा मोकळ्या पंपाचा असतो. स्पंज भरला की धार निम्म्यावर येते, तेव्हा एक माप मोठाच घ्या. बाकीच्या लहान टाक्यांना स्पंज फिल्टर (हवेच्या बुडबुड्यांनी पाणी स्पंजातून ओढणारा) आणि सगळ्यांत मिळून एक मोठा एअर पंप, हे सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ. पिल्लं ओढली जात नाहीत, वीज कमी लागते आणि एकच मोटार सांभाळायची. पंपातून पीव्हीसी पाइप, पाइपला टाकीगणिक एक पितळी कॉक, कॉकातून नळी. टाक्यांची खोली वेगवेगळी असेल तर हवा उथळ टाकीकडे पळते आणि खोल टाकीतला स्पंज गप्प बसतो, कॉक त्यासाठीच. पाइपच्या टोकाला एक जास्तीचा कॉक किंचित उघडा ठेवा, म्हणजे पंपावर दाब येत नाही.

आता व्हॉल्व्ह. मोठा एअर पंप आवाज करतो म्हणून आपण तो खाली, रॅकच्या तळाशी ठेवतो. लाईट असते तोवर हवा पाण्याला मागे रेटते. लाईट गेली की रेटा संपतो, पाणी नळीत शिरतं, काठावरून खाली वळतं आणि सायफन सुरू होतो, म्हणजे पाणी आपोआप नळीतून वाहतच राहतं. स्पंजमध्ये नळी जितकी खोल गेली असेल तिथपर्यंत टाकी उतरते. वर सांगितलेला तो जास्तीचा कॉक उघडाच असतो, त्यातून पाणी सरळ फरशीवर येतं. किंवा पंपात शिरून पंप जातो. किंवा सामाईक पाइपमधून वरच्या टाकीचं पाणी खालच्या टाकीत उतरतं, रोगासकट. आणि यातलं सगळ्यात वाईट यानंतर होतं. पाणी उतरलेल्या टाकीत हीटर उघडा पडलेला असतो. लाईट परत येते, पाणी गार म्हणून हीटर चालू होतो आणि हवेत तापतो. काच तडकते. उरलेल्या पाण्यात मासे असतात आणि वीजही असते. हे सगळं पंधरा-वीस रुपयांच्या तुकड्यामुळे टळतं.

म्हणून: प्रत्येक टाकीच्या नळीत एक. पंपापाशी एकच लावून भागत नाही, त्याने फक्त पंप वाचतो, टाकीतून टाकीत जाणारं पाणी थांबत नाही. लावण्याआधी प्रत्येक व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून बघा, एकीकडून हवा जायला हवी आणि दुसरीकडून अजिबात नको. बाण टाकीकडे. उलटा लावला तर हवाच येणार नाही, तेवढं लगेच कळतं. पण दोन्हीकडून हवा सोडणारा खराब नग लाईट जाईपर्यंत कळत नाही. जागा टाकीच्या बाहेर, काठाजवळ. पाण्यात बुडवू नका. दोन जास्तीचे आणा. पंप टाक्यांच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर फळीवर ठेवता आला तर तसाच ठेवा, आणि तरीही व्हॉल्व्ह लावा.

हीटर. पुण्या-नाशिककडे डिसेंबर-जानेवारीत रात्री बंद खोलीतही पाणी १६-१८ अंशांपर्यंत उतरतं. मुंबई-कोकणात गरज त्या मानाने फारच कमी. खोलीपेक्षा पाच अंश वर न्यायचं असेल तर लिटरला साधारण एक वॉट, दहा अंश वर न्यायचं असेल तर दोन. म्हणजे ५० लिटर खऱ्या पाण्याला, १६ वरून २६ वर न्यायला, १०० वॉट. ते एका हीटरमध्ये घेऊ नका, पन्नास-पन्नासचे दोन घ्या. थर्मोस्टॅट (तापमान गाठलं की हीटर बंद करणारा भाग) अडकून हीटर चालूच राहिला तर एकटा ५० वॉटचा टाकी उकडत नाही, आणि एक बंद पडला तरी दुसरा पहाट काढून देतो. हीटरवरच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक टाकीत वेगळा काचेचा थर्मामीटर हवा. हीटर फिल्टरच्या प्रवाहाजवळ, आडवा किंवा तिरका आणि शक्य तितका खाली लावा, म्हणजे पातळी थोडी उतरली तरी तो बुडालेलाच राहील. पाणी बदलताना आधी हीटर बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग पाणी काढा. मागे आणि बाजूंना थर्माकोल लावा, वर झाकण ठेवा. उष्णता सगळ्यात जास्त वरच्या उघड्या पाण्यातून जाते. पाणी गरम केलं की त्यात प्राणवायू कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, २८ला ८पेक्षा कमी, आणि माशाला तर जास्त लागतो. म्हणून हीटर वाढवला की हवा कमी करायची नाही. झोपताना आवाज नको म्हणून पंप बंद करणाऱ्यांना हात जोडून सांगते, करू नका. आणि बंद केला की पुन्हा तोच सायफन. व्हॉल्व्ह आहे ना, बघा.

वीज. सगळ्या हीटरांचे वॉट मिळवा. सहा अँपिअरच्या प्लगवर १३०० वॉटच्या पुढे जाऊ नका, आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डावर तेवढेही नको. प्रत्येक वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झोळ घेऊन वर चढू द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून खाली पडतं. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा, यावर पैसे वाचवायचे नाहीत. इन्व्हर्टरवर एअर पंप घ्या, हीटर नको; हीटर बॅटरी खाऊन टाकतात, आणि पाणी गार व्हायला वेळ लागतो, गुदमरायला कमी. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा लहान पंप.

आता चाचणी, मासे आणण्याआधी. टाक्या पूर्ण भरा, सगळं चालू करा, पाइपचे जोड बघा, आणि मेन स्विच बंद करा. तासभर तिथेच बसा. पातळीवर काचेला मार्करने रेघ मारून ठेवा. रेघ सोडून पाणी खाली आलं, तर त्या टाकीचा व्हॉल्व्ह बदला आणि पुन्हा तासभर बसा. वर्षभराने क्षार साचून आतली रबरी जीभ कडक होते, तेव्हा सगळे नवे घाला. लाईट जाण्याची वाट बघत बसू नका, आपणच घालवून बघा.

मग फिल्टर पिकवणं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, अँटी-क्लोरीन घाला. माशांच्या घाणीतून येणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू स्पंजात बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त, म्हणून हीटर पहिल्या दिवसापासून चालू. चालू टाकीतला जुना स्पंज मिळाला तर बरंच लवकर होतं. बोअरच्या किंवा टँकरच्या जड पाण्यात पीएच (पाण्याचा आम्ल-अल्कपणा सांगणारा आकडा) चढा असतो आणि चढ्या पीएचला, गरम पाण्यात अमोनिया जास्त विषारी. तिथे घाई अजिबात नको. स्पंज नळाखाली धुवायचा नाही, टाकीतल्या काढलेल्या पाण्यात पिळायचा.

मासे थोडे थोडे सोडा. जाळी आणि सायफनची नळी प्रत्येक टाकीची वेगळी. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके (हा रोग असतो) दिसले तर आधी थर्मामीटर बघा, पाणी गार झालेलं असू शकतं. मार्चअखेर हीटर काढून पुसून ठेवा. विदर्भात असाल तर एप्रिलपासून झाकण उघडून पाण्यावर पंखा लावा आणि उडालेलं पाणी रोज भरा.