चषकाचा दांडा आणि वाळणीचा हिशेब

मातीकाम शिकायला येणारी बहुतेक मंडळी वाटी, पेला, लहान कुंडी असे करत करत एके दिवशी दांड्याच्या चषकापाशी येतात आणि तिथे अडतात. मीही तिथेच अडले होते, आणि जवळपास दीड वर्ष अडून होते. उंच, सडपातळ दांडा चाकावर ओढता येत नाही म्हणून आपला चषक जमत नाही, अशी माझी पक्की समजूत होती आणि त्या समजुतीपायी मी शेकडो दांडे ओढले. आज सांगलीत स्वतःच्या चाकावर बसून नवख्यांना शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगते की दांडा ओढणे नियमित सरावाने दीड-दोन महिन्यांत जमते. चषक फसतो तो वाटी आणि दांडा यांच्या वाळणीत.

माझे पहिले शिक्षण वाळवा तालुक्यातील एका कुंभार कुटुंबाच्या अंगणात झाले. घरातील ज्येष्ठ कारागीर, ज्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू, संक्रांतीची सुगडी, उन्हाळ्याचे माठ, बेंदराचे मातीचे बैल आणि दिवाळीच्या पणत्या या फेऱ्यात वर्षभर गुंतलेले असत. मी चषकाचे चित्र पुढे धरले तेव्हा त्यांनी ते बराच वेळ निरखले आणि म्हणाले, "आगं पोरी, ही तर समईच हाय. एका दमात वढाय जाऊ नगंस. दोन तुकडं कर आन् जोड." तेव्हापासून मी चषकाचे भाग समईच्याच भाषेत सांगते : वर वाटी, मधे दांडा, खाली बैठक. मामांचा सल्ला किती जुन्या वाटेवरचा होता, हे मला पुढे वाचनातून कळले. हडप्पा संस्कृतीच्या कुंभारांनी उभ्या बैठकीवरच्या थाळ्या घडवताना थाळी आणि बैठक वेगवेगळी करून जोडली होती, आणि नर्मदेकाठच्या नावडातोलीला डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या उत्खननात माळवा संस्कृतीचे बैठकीचे चषक निघाले. एका गोळ्यातून सलग चषक ओढणारे कसबी कारागीर आहेत आणि त्यांच्या हाताला माझा नमस्कार आहे, परंतु शिकणाऱ्याने सुरुवात दोन तुकड्यांनीच करावी, असे माझे ठाम मत आहे.

मी वाटीसाठी साधारण ३०० ग्रॅम आणि दांड्यासाठी २५० ग्रॅम माती घेते. माझी स्टोनवेअर माती, म्हणजे जास्त आचेवर पक्की होणारी माती, ओल्यापासून पक्क्या भाजणीपर्यंत सुमारे १२ टक्के आकसते, म्हणून हातात १५ सेंटिमीटर उंचीचा चषक यायचा असेल तर ओल्या अवस्थेत तो १७ सेंटिमीटरचा धरावा लागतो. वाटीबद्दल फार सांगण्यासारखे नाही; तळाशी थोडी जास्त माती ठेवावी, म्हणजे पुढे तासून गोलाई देता येते. दांड्याच्या गोळ्याला मात्र तळ ठेवायचा नाही. माती मध्यावर बसली की अंगठा थेट चाकाच्या पाटापर्यंत न्यायचा आणि दोन्ही बाजूंनी उघडी अशी आखूड, जाड नळी करायची. पाटाला टेकलेली रुंद बाजू हीच पुढे बैठक होणार असल्यामुळे तिची कड भरीव राखावी, आणि तिचा व्यास वाटीच्या तोंडाच्या निदान दोन-तृतीयांश असावा. याहून अरुंद बैठकीचे माझे चषक नुसत्या टेबलाच्या धक्क्याने कलंडले आहेत.

मग दोन्ही हातांच्या बोटांचे कडे करून नळी खालून वर आवळत न्यायची. परिघ कमी झाला की तिथली माती कुठेतरी जाणारच, त्यामुळे प्रत्येक आवळण्याबरोबर भिंत जाड होते, आणि ती जाडी लगेच वर ओढून घ्यावी लागते. एकदा आवळायचे, एकदा ओढायचे, असे तीन-चार वेळा केल्यावर दांडा उभा राहतो. हात कोरडा पडला किंवा पातळ झालेल्या भिंतीवर जोर पडला, की दांड्यावर तिरक्या सुरकुत्या उमटतात; हा पीळ एकदा बसला की वरून पुसला तरी भाजणीत पुन्हा डोके काढतो, म्हणून असा दांडा सरळ मोडून गोळ्यात मिसळावा. पीळ टाळण्यासाठी साधे पाणी पुन्हा पुन्हा लावण्याचा मोह होतो, परंतु त्याने माती आतून बसते. त्याऐवजी बोटांना पातळ चिखल लावावा. बोट आत जाईनासे झाले की पेन्सिलीएवढी गुळगुळीत काठी आत धरावी. शेवटी वरचे टोक किंचित बाहेर उमलवून ठेवावे, कारण वाटीचा तळ त्याच कडेवर बसणार असतो.

इथपर्यंतचे सगळे मला येत होते, तरी माझ्या हातून वाळणीची ती चूक झाली. एका घरी लग्नात भेट द्यायला २४ चषक हवे होते. मार्च महिना होता. मी सोमवारी सगळ्या वाट्या ओढल्या, मंगळवारी सगळे दांडे, आणि दिवस कमी पडतात म्हणून बुधवारी पंखा लावून जोडकाम उरकले. जोड अगदी स्वच्छ दिसत होते. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या १७ चषकांच्या गळ्याभोवती केसाएवढी बारीक रेघ आली होती, आणि एकाची वाटी उचलताना दांडा तसाच फळीवर उभा राहिला. वाट्या एक दिवस आधीच्या असल्याने त्यांचे आकसणे बरेचसे उरकले होते. दांडे अजून ओले होते आणि आकसायचे बाकी होते. ओला भाग सुकत जाईल तसा आकसणार, कोरडा भाग जागचा हलणार नाही, आणि हा सगळा ताण जोडावर येणार, एवढी ती साधी गोष्ट होती. ज्या घराला शब्द दिला होता त्यांना मी वेळेवर चषक देऊ शकले नाही, याची बोच मला आजही आहे.

त्यानंतर मी वाळण ओळखायला शिकले. माती चामड्यासारखी कडक झाली, म्हणजे स्टुडिओच्या भाषेत लेदर हार्ड झाली, तरच ती जोडावी. पण लेदर हार्ड ही एक अवस्था नसून बराच लांब पट्टा आहे, आणि वाटी व दांडा त्या पट्ट्याच्या एकाच जागी असायला हवेत. मी अंगठ्याचे नख दोन्हींवर हलके दाबते आणि उमटलेल्या खुणा शेजारी शेजारी पाहते. तासताना निघणारी साल दोन्हींची सारखी हवी : चिकटत असेल तर थांबावे, लांब फीत निघत असेल तर जोडावे, भुगा पडत असेल तर उशीर झाला. सर्वांत खरी खूण गालाची आहे. भांडे गालाला लावले की आतली ओल गारव्याने कळते. बोटे दिवसभर चिखलात असल्यामुळे त्यांना हा फरक जाणवत नाही. एक भाग पुढे गेला असेल तर त्याला ओल्या फडक्यात गुंडाळून मागे आणता येते, मात्र त्याला रात्रभराचा अवधी द्यावा.

जोडताना वाटी चाकावर पालथी घालून मध्यावर बसवावी आणि तळ तासून गोल करावा. मग वाटीच्या तळावर आणि दांड्याच्या कडेवर जुन्या टूथब्रशने ओरखडे काढून दोन्हीकडे दाट चिखल लावावा, दांडा उलटा टेकवावा आणि किंचित फिरवत दाबावा, इतका की कडेने चिखलाची बारीक वळी बाहेर येईल. ती आली म्हणजे आत हवा राहिली नाही. बैठकीवर लहान पाणसळ ठेवून चाक सावकाश फिरवून पाहावे, कारण इथला जरासा तिरकेपणा भाजणीत वाढतो. मातीचा एक बारीक दोरा जोडाभोवती बसवून बोटाने जिरवावा आणि सगळा चषक रात्रभर प्लास्टिकखाली झाकून ठेवावा, म्हणजे दोन्ही भागांची ओल एकमेकांत मुरते. पुढचे वाळवणेही पालथेच करावे, म्हणजे ओल्या दांड्यावर वाटीचा भार येत नाही.

जोड म्हटला की मला मिरजेची सतारमेकर गल्ली आठवते. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे भोपळा महिनोन् महिने पूर्ण वाळवल्यावरच त्याला लाकडाची जोड मिळते. आमचे काम याच्या उलट ओल्यात ओले जोडण्याचे आहे, पण जोडल्यावर कोणत्याही एका बाजूने पुढे आकसून दुसरीला ओढू नये, ही काळजी दोन्हीकडे एकच आहे. सांगलीच्या हवेत ती ऋतूप्रमाणे बदलते. मार्च ते मे या काळात वाटीची कड तासाभरात करकरीत होते, म्हणून मी कडेवर प्लास्टिकची पट्टी घालते आणि दोन्ही भाग एकाच सकाळी ओढते. आषाढ-श्रावणात चार-चार दिवस काही सुकत नाही, आणि ते चषकासाठी चांगलेच असते.

माती कोणती, हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. आपल्याकडच्या कुंभारांची माती माठासाठी उत्तम आहे, कारण ती आव्याच्या कमी आचेवर पक्की होते आणि सच्छिद्र राहून पाणी गार करते. स्टोनवेअरच्या १२०० अंशांवरच्या भट्टीत मात्र ती मऊ पडून बसते. हौसेने ठेवलेला माझा एक चषक तिथे दांड्यातून वाकून शेजारच्या भांड्याला चिकटला होता. म्हणून चषकासाठी मी बाहेरून आलेली स्टोनवेअर माती घेते, आणि पिण्याच्या भांड्याला शिसेविरहित ग्लेझच, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा होणारा लेपच, लावते. ५७३ अंशांच्या आसपास मातीतील क्वार्ट्‌झ आपली रचना बदलते आणि आकारमान एकदम कमी-जास्त होते, म्हणून त्या टप्प्यावर भट्टी चढताना आणि उतरतानाही सावकाश चालवावी.

ज्यांना हे पोटापाण्यासाठी करायचे आहे त्यांनी केवळ चषकांवर भिस्त ठेवू नये. माझे घर पेले, वाडगे आणि कुंड्यांवर चालते. मुंबईच्या सर ज. जी. कला महाविद्यालयात सिरॅमिकचे रीतसर शिक्षण मिळते. भद्रावतीचा ग्रामोदय संघ आणि बेळगाव जिल्ह्यातील खानापूर येथील खादी व ग्रामोद्योग आयोगाची संस्था कुंभारकामाच्या प्रशिक्षणासाठी ओळखल्या जातात. खानापूर तर मिरज-लोंढा रेल्वेमार्गावरच आहे. जाण्याआधी वर्ग केव्हा भरतात याची चौकशी करावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. तिच्यात प्रशिक्षणकाळात रोज ५०० रुपये भत्ता आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे. आणि कामाची जागा कधीही कोरडी झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी, कारण मातीच्या धुळीतील सिलिका फुप्फुसात साठत जाते आणि तिने झालेली हानी भरून येत नाही.

शिकण्याच्या काळात जोडलेल्या प्रत्येक पाच चषकांपैकी एक तरी तारेने उभा कापावा आणि जोड आतून पाहावा. चांगल्या जोडाची रेघ कापलेल्या मातीत शोधूनही सापडत नाही. भाजून निघालेला चषक मात्र वाजवून पाहायचा असतो, बाजारात आपली आजी माठ घेताना पाहायची तसा. बैठक बोटांच्या चिमटीत धरून वाटीच्या कडेवर नखाने टिचकी मारली की खणखणीत आवाज थोडा वेळ रेंगाळतो. जो बद्द वाजतो, त्याच्या गळ्यात रेघ आहे, ती डोळ्याला दिसो वा न दिसो, आणि तो मी विकायला ठेवत नाही.