इंग्रजीत कारण आणि हेतू लिहिताना या चुका टाळा: बिकॉज, सो दॅट, फॉर, ड्यू टू

ऑफिसचा मेल असो, रजेचा अर्ज असो नाहीतर प्रोजेक्ट रिपोर्ट, दोन गोष्टी त्यात येतातच, अमुक का झालं आणि तमुक कशासाठी केलं. आणि गडबड नेमकी इथेच होते, कारण मराठीत आपलं एकटं ‘म्हणून’ दोन्ही कामं करतं. ‘ताप होता म्हणून आलो नाही’ हे झालं कारण, आणि ‘ताप येऊ नये म्हणून गोळी घेतली’ हा झाला हेतू. आपल्याला यातला फरक जाणवत पण नाही कारण ‘येऊ नये’ या क्रियापदातच सगळं आलेलं असतं. इंग्रजीत मात्र जोडणारा शब्दच बदलावा लागतो, आणि तो न बदलता लिहिलं की ‘आय टुक अ टॅब्लेट बिकॉज आय शुड नॉट गेट अ फीवर’ असलं वाक्य तयार होतं. पाहिजे होतं ‘आय टुक अ टॅब्लेट सो दॅट आय वुड नॉट गेट अ फीवर’. बिकॉजनंतर आपण शुड किंवा शुड नॉट लिहिलंय असं दिसलं की तिथे जरा थांबा, बऱ्याचदा तिथे कारण नसतं, हेतू असतो.

त्यामुळे लिहायच्या आधी स्वतःला एवढंच विचारा, ही गोष्ट खरंच घडलेली आहे (किंवा आत्ता तशी आहे) की ती घडावी किंवा घडू नये असं आपल्याला वाटतंय? पहिलं असेल तर बिकॉज, सिन्स, ड्यू टू ही मंडळी. दुसरं असेल तर टू, इन ऑर्डर टू, सो दॅट. माझ्या मते हे एवढं जरी नीट बसलं तरी निम्म्या चुका जातात.

आता ‘साठी’कडे येऊ. साठी म्हणजे फॉर हे शाळेपासून इतकं डोक्यात बसलंय की ‘शिकण्यासाठी आलो’चं थेट ‘आय केम हिअर फॉर लर्निंग इंग्लिश’ होतं, कधीकधी ‘फॉर टू लर्न’ पण दिसतं. आपण स्वतः काहीतरी केलं आणि त्यामागचा हेतू सांगायचाय, तर साधं टू आणि क्रियापदाचं मूळ रूप, ‘आय केम हिअर टू लर्न इंग्लिश’, बस. फॉरच्या पुढे नाम आलं तर काहीच अडचण नाही, ‘आय केम फॉर अ मीटिंग’ एकदम बरोबर. मग फॉरच्या पुढे आयएनजीवालं रूप कधी चालतं? एक म्हणजे वस्तूचा उपयोग सांगताना, ‘धिस सॉफ्टवेअर इज फॉर एडिटिंग फोटोज’. आणि दुसरं, आभार किंवा माफी मागताना, ‘थँक यू फॉर हेल्पिंग मी’, ‘सॉरी फॉर बीइंग लेट’. पण नीट बघा, या दुसऱ्या प्रकारात फॉर हेतू सांगतच नाहीये, कारण सांगतोय, मदत झाली आहे म्हणून आभार.

काम एकाने करायचं आणि त्यापुढचं दुसऱ्याने, असं असेल तर अजून काळजी घ्या. ‘आय ॲम सेंडिंग द फाइल टू चेक’ यात चेक कोण करणार तेच कळत नाही. ‘फॉर यू टू चेक’ लिहा नाहीतर ‘सो दॅट यू कॅन चेक इट’. आणि सो दॅट वापरताना काळ सांभाळा, वाक्य भूतकाळात असेल तर कॅनचं कुड, विलचं वुड, म्हणजे ‘वी शिफ्टेड द मीटिंग सो दॅट एव्हरीवन कुड अटेंड’. यातलं दॅट काढून, स्वल्पविराम टाकून ‘वी शिफ्टेड द मीटिंग, सो एव्हरीवन अटेंडेड’ लिहिलं तर अर्थच बदलतो, आता तो हेतू राहिला नाही, परिणाम झाला, सगळे खरंच आले. रिपोर्टमध्ये हा फरक लहान नाही, कारण वाचणारा माणूस झालेलं काम आणि ठरवलेलं काम वेगवेगळं मोजतो.

नकारार्थी हेतूत नुसतं नॉट टू वापरू नका. ‘आय लेफ्ट अर्ली नॉट टू मिस द बस’ हे अडखळतं. ‘सो ॲज नॉट टू मिस’ किंवा ‘इन ऑर्डर नॉट टू मिस’ लिहा.

बिकॉज आणि बिकॉज ऑफ, हे बऱ्याच जणांना माहीत असतं तरी घाईत चुकतंच. बिकॉजनंतर कर्ता-क्रियापद असलेलं पूर्ण वाक्य, बिकॉज ऑफनंतर नाम. ‘बिकॉज आय वॉज इल’, ‘बिकॉज ऑफ माय इलनेस’. ड्यू टूचं पण तसंच, म्हणून ‘ड्यू टू आय वॉज इल’ चूक. जुने व्याकरणवाले ड्यू टू फक्त ‘द डिले वॉज ड्यू टू हेवी ट्रॅफिक’ अशा जागीच मानायचे, आता डिक्शनऱ्यांनी बिकॉज ऑफच्या अर्थानेही स्वीकारलंय, तेव्हा त्यावर फार डोकं लावू नका. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ मात्र काढून टाका, तिथे एकटं बिकॉज पुरतं.

डबल जोडणी ही आपली अजून एक सवय. ‘ॲज आय वॉज इल, सो आय कुड नॉट कम’. ॲज, सिन्स, बिकॉज यांपैकी एक आलं की सो नको, आणि सो ठेवायचं असेल तर सुरुवातीचा शब्द काढा. ‘द रीझन इज बिकॉज’ पण याच जातीचं, औपचारिक लिखाणात ‘द रीझन इज दॅट’ ठेवा. आणि मराठीत आपण ‘मी आलो नाही. कारण बरं नव्हतं.’ असं पूर्णविराम देऊन बिनधास्त लिहितो, इंग्रजी अर्जात तो बिकॉजचा तुकडा एकटा सोडू नका, मागच्या वाक्याला जोडा. बिकॉजने वाक्य सुरू करू नये असं काही नाही हां, पुढे मुख्य वाक्य आलं की झालं.

छोट्या गोष्टी पटकन: रीझन फॉर, पण कॉज ऑफ. ‘मेड मी टू वेट’ नाही, ‘मेड मी वेट’. पण कॉजला टू लागतं, ‘द अपडेट कॉज्ड द सर्व्हर टू क्रॅश’.

शेवटची चूक व्याकरणात सापडत नाही, म्हणून जास्त धोक्याची. ‘आय डिड नॉट रिझाइन बिकॉज ऑफ द सॅलरी’. पगारामुळे नोकरीतच राहिलो, की राजीनामा दिला पण त्यामागचं कारण पगार हे नव्हतं? दोन्ही अर्थ निघतात. नॉटनंतर बिकॉज आलं की हे होऊ शकतं, तेव्हा वाक्य फोडा, ‘आय रिझाइन्ड, बट नॉट बिकॉज ऑफ द सॅलरी’, किंवा दुसरा अर्थ हवा असेल तर ‘आय स्टेड बिकॉज ऑफ द सॅलरी’.