अंगावरून जास्त जातंय? डॉक्टरकडे निघण्याआधी

तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय, असं सलग दोन तास चाललंय, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर वाचत बसू नका, १०८ ला फोन करा. दिवस राहिल्याची शंका असून पोटात दुखत असेल तरी तेच.

जुने रिपोर्ट, आधार, दीनदयाळ आरोग्य योजनेचं कार्ड घ्यालच. तारखा मात्र कागदावर हव्यात. मागच्या तीन पाळ्या कधी आल्या, कधी थांबल्या, दिवसाला किती पॅड लागले, रक्ताच्या गाठी पडल्या का. २४ ते ३८ दिवसांनी येणारी आणि आठ दिवसांच्या आत थांबणारी पाळी सर्वसाधारण धरतात. "खूप जातं" एवढ्याने डॉक्टरांना काही कळत नाही. "रात्री दोनदा उठून पॅड बदलते" म्हटलं की कळतं.

आता गोळ्या. चवथीला पाळी पुढे ढकलायला आपण फार्मसीतून गोळ्या आणतो ना, त्या. गणपतीवर फळापानांची माटोळी बांधायची, नैवेद्य करायचा, घरात माणसं, म्हणून मीही गेल्या चवथीला घेतल्या. नंतर कुळागरातल्या देवकार्याला पुन्हा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही औषध चालू आहे?" मी म्हटलं, "नाही." कारण तेव्हा चालू नव्हतंच! नोरेथिस्टेरॉनच्या त्या गोळ्या थांबवल्या की दोन-तीन दिवसांत रक्तस्राव होतो. माझ्या कागदावर तो अवेळी आलेली पाळी म्हणून उतरला. माझी पाळी एरवी अगदी वेळेवर यायची, फक्त जास्त जायची. पाळी नियमित असून जास्त जात असेल तर गर्भाशयातल्या गाठीचा, म्हणजे फायब्रॉइडचा, संशय आधी येतो. अनियमित असेल तर बीजांडं वेळेवर सुटत नसावीत असा. माझ्या अर्धवट माहितीवर उपचार दुसऱ्या वाटेने गेले, सोनोग्राफी पुढे गेली, आणि गर्भाशयाच्या पोकळीत आलेला फायब्रॉइड सापडेपर्यंत माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं.

म्हणून गोळ्यांचं पाकीट न्या. रिकामं असलं तरी न्या. फेकून दिलं असेल तर फार्मसीत जाऊन नाव लिहून आणा. गेल्या सहा महिन्यांत किती दिवस घेतल्या, कधी थांबवल्या, तेही लिहा. रक्त पातळ करणारी गोळी, थायरॉइडची, गर्भनिरोधक, वैद्यांची चूर्णं, सगळं त्याच कागदावर. तांबी (कॉपर-टी) बसवली असेल तर तीही सांगा, तिनेही जास्त जातं. सासूबाई सोबत आहेत म्हणून गोळ्यांचं लपवू नका. त्यांना बाहेर थांबायला सांगा, पण पाकीट टेबलावर ठेवा.

तपासण्यांत पहिली गरोदरपणाची, तुम्ही कितीही "शक्यच नाही" म्हणा. मग हिमोग्लोबिन, लोहाचा साठा, थायरॉइड. पहिल्या पाळीपासूनच जास्त जात असेल, दात काढल्यावरही रक्त थांबलं नसेल, तर तेही सांगा, रक्त गोठण्याचा दोष निघू शकतो. सोनोग्राफी पोटावरून असेल तर लघवी भरलेली लागते, खालून असेल तर रिकामी. वेळ घेतानाच विचारा, नाहीतर पेडण्याहून बांबोळीच्या इस्पितळापर्यंत कळ सोसत जायचं आणि तिथे उलटंच सांगतात.

पंचेचाळिशी ओलांडली असेल तर गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला सांगतात. वजन जास्त असेल किंवा पीसीओएस (बीजांडं वेळेवर न सुटण्याचा हार्मोनचा त्रास) असेल तर आधीही. बारीक नळीने बाह्यरुग्ण विभागातच होतं, पाळीसारखी कळ येते, काही मिनिटांत संपतं. घाबरून टाळू नका. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक डाग दिसला तरी दाखवायलाच हवं. "उष्णता झाली" म्हणत कोकमाचं पाणी पीत बसू नका.

उपचाराचं थोडक्यात. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडची गोळी फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत. पायात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर आधी सांगा. हार्मोनची तांबी (ही कॉपर-टीच्या उलट, जास्त जाणं कमी करते) बसवली तर पहिले तीन ते सहा महिने डाग पडतात, म्हणून लगेच काढायला धावू नका. लोहाची गोळी चहासोबत नको. गर्भाशय काढायचं निघालं तर "त्याआधी दुसरं काय करता येईल?" हे विचाराच.

पुढची तारीख लिहून घ्या. आणि पाकीट घेतलं का, बघा एकदा.