तेरेखोलच्या खाडीवर कॅमेरा: आधी तिथी, मग उजेड

महाराष्ट्र आणि गोव्याची हद्द समुद्राला भिडते तिथे तेरेखोल नदीचं मुख आहे. उत्तरेला वेंगुर्ले आणि रेडी, दक्षिणेला केरी, मांद्रे, मोरजी. या छोट्याशा पट्ट्यात जांभ्याचे किल्ले, कांदळवन, डॉल्फिन, समुद्री गरुड आणि अंडी घालायला येणारी कासवं सगळं सापडतं. इथे येणारे बहुतेक जण सूर्यास्ताची वेळ पाहून निघतात, आणि किनाऱ्यावर पोचल्यावर कळतं की हवे होते ते खडक पाण्याखाली आहेत. या किनाऱ्यावर विषय ठरवते भरती-ओहोटी. म्हणून बेत आखायचा तो कॅलेंडरातली तिथी पाहून.

कोळ्यांचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा साधारण तास निघतो: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. हा हिशेब मुंबईकडच्या पाण्याला जुळतो. तेरेखोलला पाणी त्याआधी चढतं, तेव्हा अर्धा-पाऊण तास अलीकडे धरा. ओहोटी त्यानंतर सव्वासहा तासांनी. रोज ही वेळ साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. अंदाज असा बांधा, पण निघण्याआधी भरती-ओहोटीचा छापील किंवा मोबाइलवरचा तक्ता पाहाच, कारण दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात. तक्त्यात मीटरचा आकडा जितका कमी, तितके खडक जास्त उघडे.

यातून कामाचे दोन प्रकार पडतात. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे पुनव किंवा अवस आणि त्यापुढचे एक-दोन दिवस, ओहोटी संध्याकाळी सूर्यास्ताच्या आसपास येते. ओल्या वाळूतलं प्रतिबिंब, शेवाळलेले खडक आणि चिखलावर चरणारे पक्षी यांच्यासाठी हेच दिवस. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. चढ-उतार कमी आणि संध्याकाळी खाडी भरलेली. होडीने कांदळवनात जायचं असेल किंवा शांत पाण्यात किल्ल्याचं प्रतिबिंब हवं असेल तर ते दिवस निवडा.

किल्ला कुठून घ्यायचा

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीच्या खेम सावंतांनी सतराव्या शतकात बांधला आणि १७४६ मध्ये पोर्तुगीजांनी तो जिंकला. तेव्हापासूनचं एक वैशिष्ट्य फोटोसाठी आलेल्याने लक्षात ठेवावं: किल्ला गोव्यात मोडतो, पण आहे नदीच्या उत्तर तीरावर, महाराष्ट्राच्या बाजूला. रेडीहून नदी न ओलांडता थेट गाडीने जाता येतं. मात्र जवळ गेल्यावर पूर्ण किल्ला फ्रेममध्ये मावत नाही. आत हेरिटेज हॉटेल आहे, त्यामुळे आत शिरण्याआधी विचारावं लागतं. किल्ल्याचा खरा फोटो समोरच्या केरीच्या किनाऱ्यावरून मिळतो. पलीकडे जायला फेरीबोट आहे, पण ओहोटीच्या वेळी ती कुठून आणि कधी सुटते याची चौकशी धक्क्यावरच करा. ती चुकली तर आरोंदा-किरणपाणीच्या पुलावरून वळसा घालावा लागतो आणि तोवर उजेड गेलेला असतो.

केरीवरून तुम्ही उत्तरेकडे तोंड करून उभे असता. डिसेंबर-जानेवारीत सूर्य नैऋत्येला कलून मावळतो, त्यामुळे उजेड डावीकडून, थोडा मागून येतो आणि तटाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंवर नीट पडतो. बुरुजाची गोलाई दिसते. एप्रिल-मेमध्ये सूर्य वायव्येकडे सरकतो, मग समोरच्या भिंतीवर सावली येते आणि फोटो सपाट होतो. म्हणून या किल्ल्यासाठी हिवाळा.

लेन्स ७० ते १५० मिमी. रुंद लेन्सने किल्ला आगपेटीएवढा होतो आणि फ्रेमभर रिकामी वाळू उरते. पुढे खडक किंवा ओली वाळू घ्यायची असेल तर लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) एफ/११, नाहीतर एफ/८ पुरे. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००. परतणाऱ्या लाटेच्या रेषा हव्या असतील तर १/४ ते १ सेकंद, आणि शटर दाबायचं ते लाट मागे फिरायला लागल्यावर. चढत्या लाटेत पाण्याचा नुसता पांढरा गोळा होतो. ३० सेकंदांना पाणी दुधाळ होतं. ते एकदा छान वाटतं, पण खाडीच्या मुखावरचा प्रवाह त्यात हरवतो, आणि या जागेची ओळख तो प्रवाहच आहे.

ओल्या वाळूत ट्रायपॉड रुततो. पाय वाळूवर ठेवून लगेच फोटो घेतला की एक्स्पोजर चालू असतानाच तो पाव इंच खचतो, आणि घरी आल्यावर सगळा किल्ला हललेला दिसतो. पाय चार-पाच इंच दाबून रोवा, एक लाट जाऊ द्या, मग फोकस करा. लाटेने पायाला स्पर्श केला तर ती फ्रेम गेली असं समजा आणि पुन्हा घ्या. सूर्यास्तानंतर या अक्षांशावर निळसर उजेड वीस-बावीस मिनिटंच टिकतो. किल्ल्यातले दिवे आणि आकाश यांचा समतोल त्यातल्या मधल्या पाच-सात मिनिटांत साधतो. तेव्हा कॅमेरा जागेवर तयार हवा.

रेडीचा यशवंतगड अगदी वेगळा. जांभ्याच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी वेढलं आहे. भर उन्हात इथे हमखास फसायला होतं: पानांतून पडणारे कवडसे जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसते पांढरे उरतात, आणि मुळांच्या खालचा भाग काळा होतो. ढगाळ दिवस गाठा किंवा ऊन आत शिरायच्या आधी जा. तेही जमलं नाही तर ट्रायपॉडवरून तीन एक्स्पोजर घ्या, पहिलं बरोबर, दुसरं दोन स्टॉप कमी, तिसरं दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). पाऊस सरल्यावर, सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात, भिंतींवर शेवाळ ताजं असतं आणि ओला जांभा गडद तांबडा दिसतो. कॅमेऱ्याचा ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सोय) हा तांबडेपणा चूक समजून मारून टाकतो. तो ५२०० ते ५६०० केल्व्हिनवर स्वतः लावा. भिंतींच्या उभ्या रेषा वाकड्या नको असतील तर कॅमेरा वर न कलवता सरळ धरा आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. आणि भिंतींच्या फटीत हात घालू नका, दगडावर न पाहता बसू नका. या भागात फुरसं हा विषारी साप भरपूर. बूट घोट्यापर्यंतचे हवेत.

वेंगुर्ल्याची डच वखार पडझडीच्या अवस्थेत आहे. तिथे सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीचा पोत घ्या आणि कठड्यावर, जोत्यावर चढू नका.

वारा आणि ऊन एका बाजूला

पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याकडे तोंड करतात. पश्चिम किनाऱ्यावर हे फोटोसाठी फार सोयीचं आहे. पहाटे आणि सकाळी मतलई वारे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि सूर्यही पूर्वेलाच असतो. म्हणजे जमिनीकडे पाठ करून उभं राहिलं की ऊन आणि वारा दोन्ही पाठीवर, आणि पक्षी तोंड तुमच्याकडे करून, अंगावर उजेड घेऊन येतात. दुपारनंतर खारे वारे सुरू होतात आणि सूर्यही पश्चिमेला गेलेला असतो. तेव्हा समुद्राकडे पाठ करून सुरूच्या बनाकडे किंवा कांदळवनाकडे तोंड करा. सकाळ-संध्याकाळ एकाच जागी, एकाच दिशेला उभं राहिलं की निम्म्या फ्रेममध्ये पक्ष्याची पाठ येते.

हे सगळ्यात चांगलं दिसतं ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या मासेमारीत. दोन्ही टोकांनी माणसं जाळं ओढत असतात. सुरुवातीला वर एखाद-दुसरी ब्राह्मणी घार फिरते. जाळ्याचा घोळ किनाऱ्याला लागायला आला की शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घारी आणि कुरव पक्षी एकदम गर्दी करतात. घार पाय पुढे करून खाली येते, पाण्याला जेमतेम नखं लावते आणि मासा उचलून उडत उडतच खायला लागते. तो क्षण १/२००० च्या खाली गोठत नाही. शटर १/२५००, एफ/५.६ ते एफ/६.३, आयएसओ ऑटो, फोकस सततचा. रापणकरांना आधी विचारा, दोरीच्या आड येऊ नका, आणि माणसांचे चेहरे घ्यायचे तर तेही विचारून.

घार असो की समुद्री गरुड, पांढरा भाग जळतो. गरुडाचं पोट पांढरं शुभ्र. मागे निळं आकाश असताना कॅमेरा बरोबर मोजतो, पण पक्षी खाली उतरून मागे गडद झाडी आली की कॅमेरा एक्स्पोजर वाढवतो आणि पोटावरची पिसं नाहीशी होतात. एक्स्पोजर हाताने लावा: उन्हातल्या पांढऱ्या फेसावर मोजा, फेस जळत नाही इतपत ठेवा, मग मागची पार्श्वभूमी काहीही असली तरी ते बदलू नका. गरुडाचं घरटं किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर असतं आणि जोडी वर्षानुवर्षं तेच वापरते. पक्षी उठून घिरट्या घालत ओरडायला लागला की तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरा. घरट्याची जागा फोटोसोबत टाकू नका, लोकेशनची माहितीही काढून टाका.

चिखल्या आणि तुतवार हे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी ओहोटीला चिखलभर विखुरतात, तेव्हा एकेकट्या पक्ष्याचे फोटो मिळतात. थवा हवा असेल तर भरतीची वाट पाहा, कारण पाणी चढलं की तेच पक्षी कोरड्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीने गोळा होतात. चालत जाऊ नका. बसा, कॅमेरा गुडघ्याएवढ्या उंचीवर आणा आणि त्यांना येऊ द्या. झोपलेला थवा उठवला तर त्यांची विश्रांती मोडते, आणि हिवाळ्यात लांबून आलेल्या पक्ष्यांना ती परवडत नाही.

डॉल्फिनसाठी सकाळ. खारे वारे सुरू झाले की समुद्र खडबडतो आणि प्रत्येक लाट पाठीसारखी दिसायला लागते. इथला डॉल्फिन राखाडी, पाठीवर कुबड असलेला. तो सहसा उंच उडी मारत नाही: आधी तोंड, मग कुबड, आणि खोल जायचं असेल तर शेपूट. तोंड दिसल्यावर शटर दाबायला सुरुवात करा. होडीवाल्याला पाठलाग करायला सांगू नका. कळपाच्या समांतर, हळू, आणि ते जवळ आले तर इंजिन न्यूट्रलला. आडवी होडी घातली की कळप बुडी मारून भलतीकडे निघतो आणि सकाळ संपते. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

कासवं

ऑलिव्ह रिडले कासवं नोव्हेंबर ते मार्च या काळात अंडी घालतात. वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी आणि गोव्यातलं मोरजी ही त्यांची माहीत असलेली ठिकाणं. साधारण ५० दिवसांनी पिल्लं निघतात, त्यामुळे पिल्लांसाठी फेब्रुवारी ते एप्रिल धरा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत हा जीव आहे: हात लावणं, उचलून पोज देणं, अडवणं सगळं गुन्ह्यात मोडतं. हॅचरी (अंडी जपून ठेवायची जागा) सांभाळणाऱ्यांचा शब्द तिथे शेवटचा.

फ्लॅश बंद हे सगळ्यांना माहीत असतं. विसरतात ते कॅमेऱ्याचा फोकससाठी लागणारा छोटा दिवा आणि मागचा स्क्रीन. दोन्ही बंद करा, मोबाइल खिशात ठेवा. पिल्लू उजेडाकडे वळतं आणि समुद्राऐवजी तुमच्याकडे येतं. पाहायची दुसरी गोष्ट पायाखाली: पिल्लाची पाठ जेमतेम ४ सेंटिमीटर, ओल्या वाळूतला तुमचा पाऊलठसा त्याला खड्डा होतो. त्यांच्या वाटेवर चालू नका, चाललात तर ठसे हाताने बुजवा. जमिनीच्या बाजूला, दोरीमागे आडवे पडून ७०-२०० मिमीने घ्या. सकाळी सूर्य सुरूच्या मागे असतो, वाळूवर मऊ सावली असते. १/२५० आणि एफ/५.६ ला आयएसओ १६०० लागला तरी चालेल.

ड्रोन

या किनाऱ्याजवळ दोन विमानतळ आहेत: उत्तरेला चिपी, जो ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला, आणि पूर्वेला मोपा, जो जानेवारी २०२३ पासून. त्यामुळे 'गावात कोणी नाही, उडवू या' हे चालत नाही. ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय' नकाशावर त्या जागेचा नेमका रंग पाहा. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर, त्यापलीकडे ४०० फुटांच्या वर. रेडी बंदराचे, मच्छीमार धक्क्यांचे फोटो काढण्याआधी तिथल्या कर्मचाऱ्यांना विचारा. गरुडाच्या किंवा पाणपक्ष्यांच्या वर ड्रोन नकोच.

हद्द ओलांडताना दोन राज्यांचे नियम वेगळे. भाड्याची गाडी पलीकडे नेता येते का हे मालकाला आधी विचारा.

मीठ, वाळू, घाम

किनाऱ्यावर लेन्स बदलू नका. दोन कॅमेरे नसतील तर गाडीत काचा वर करून बदला. लेन्सवर खाऱ्या पाण्याचा तुषार पडला तर कोरड्या फडक्याने पुसू नका, वाळलेलं मीठ काचेवर ओरखडे काढतं. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याचा थेंब लावलेलं मायक्रोफायबर, मग कोरडं. एसी खोलीतून पहाटे बाहेर पडताना कॅमेरा बॅगेत अर्धा तास तसाच राहू द्या, नाहीतर काच धुरकटते आणि पहिला उजेड पुसण्यात जातो. ट्रायपॉडचे पाय त्याच रात्री पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, उलटे टांगून वाळवा आणि सकाळपर्यंत बंद करू नका. जांभ्याची तांबडी माती आणि मीठ एकत्र वाळलं की पेच जाम होतात.