पाळकांवरचा विश्वास उडाला असेल तर सुरुवात अर्पणाच्या थैलीपासून करा

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, पाळकांवरचा (चर्चच्या धर्मगुरूंवरचा) विश्वास उडाला की बहुतेक ठिकाणी आधी सलोख्याची प्रार्थनासभा ठेवतात. ती जरूर ठेवा. पण त्याच रविवारी अर्पणाची थैली नेहमीसारखी आतल्या खोलीत गेली आणि दार लागलं, तर कुजबुज थांबत नाही. मी बँकेतून निवृत्त झाले आणि आता नगर जिल्ह्यातल्या आमच्या मंडळीची खजिनदार आहे. माझं ठाम मत आहे की पैशांपासूनच सुरुवात करावी, कारण पैसे मोजून दाखवता येतात.

उपासना संपल्याबरोबर, लोक अजून बाकांवर असतानाच, समोरच्या टेबलावर थैली उघडा. मोजायला दोघं बसवा. ती एका घरातली नकोत आणि पाळक त्यांत नकोत. नोटा वेगळ्या, चिल्लर वेगळी, उपकारस्तुतीची (देवाचे आभार मानून दिलेली) पाकिटं नावानिशी वेगळी. आकडा वहीत शाईने लिहा, दोघांच्या सह्या घ्या आणि तोच आकडा लगेच फळ्यावर लिहा. सोमवारी सगळी रक्कम बँकेत भरा. मधल्यामध्ये त्यातून कुणालाही काही द्यायचं नाही, वायरमनला द्यायचे असले तरी नाही. बँकेची स्लिप वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवा.

पाळकांना मोजणीतून बाहेर ठेवलं की त्यांना अपमान वाटतो. त्यांना बायबलमधल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय दाखवा. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेला बंधू सोबत घेतला, कुणाला दोष काढायला जागा राहू नये म्हणून. पौलाला जे गरजेचं वाटलं, ते आपल्या पाळकांना कमीपणाचं कसं होईल?

हंगामाच्या सणाचा हिशेब वेगळा ठेवा. खरी भांडणं तिथे होतात. सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावात उत्साहाच्या भरात कुणी लिंबाला पाचशे बोलतो, कुणी कोंबडा दोन हजाराला घेतो आणि पैसे 'पुढच्या रविवारी' देतो. वर्षाने कुणालाच आठवत नाही की कोंबडा कुणाचा आणि बाकी कुणाची. वहीत चार रकाने आखा: वस्तू, कुणी घेतली, बोली, जमा. बाकी राहिलेल्यांकडे सेक्रेटरीने जावं, पाळकांनी नाही. ज्यांनी रविवारी वचन सांगायचं, त्यांच्यावर वसुलीला दारोदार फिरण्याची वेळ आणू नये.

३१ मार्चला हिशेब बंद झाला की सार्वजनिक ट्रस्टच्या कायद्याप्रमाणे ऑडिट होतंच. पण ऑडिट झालं एवढं सांगून लोकांचं समाधान होत नाही. वार्षिक सभेच्या आठवडाभर आधी साध्या मराठीत एका पानाचा हिशेब घरोघरी द्या. त्यात नुसतं 'दुरुस्ती' लिहू नका. 'घंटेचा दोर आणि दोन पत्रे' असं लिहा. पाळकांचा पगार किती आणि किती महिन्यांचा थकलाय, तेही लिहा. पाळकांकडे पैसे आहेत असा संशय घेणाऱ्या अनेकांना त्यांचा पगार थकलाय हे माहीतही नसतं.

जमिनीचा विषय जास्त जपून हाताळा. मिशनच्या काळातले बंगले, शाळांच्या जागा, कब्रस्तान यांची मालकी बऱ्याचदा स्थानिक मंडळीकडे नसून वरच्या ट्रस्टकडे असते. 'जागा विकली' अशी आवई उठली तर आधी सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा काढा. मग धर्मादाय कार्यालयातून त्या ट्रस्टच्या परिशिष्ट १ ची, म्हणजे ट्रस्टच्या नोंदीच्या उताऱ्याची, नक्कल घ्या. ट्रस्टची स्थावर मालमत्ता विकायची तर त्याच ट्रस्ट कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असली तरी लागते. परवानगीची प्रत लेखी मागा. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल झालाय का, तेही विचारा.

आता विचारायचं कसं? बायबलमध्ये मत्तयाच्या अठराव्या अध्यायात क्रम दिलाय: आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीसमोर. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं म्हणजे पहिल्या दोन पायऱ्या गाळणं. पत्र द्या, एका पत्रात एकच प्रश्न ठेवा आणि पोच घ्या. पाळकांनी ते पत्र कमिटीत वाचून दाखवावं आणि ठरलेल्या तारखेला उत्तर द्यावं. माहिती नसेल तर 'माहिती नाही, अमुक तारखेपर्यंत काढतो' असं लिहावं. उत्तर कडू असलं तरी लोक सोसतात, पण 'तुमची श्रद्धा कमी पडते' हे उत्तर मात्र माणूस कायमचा तोडतं.

या क्रमाला एक अपवाद आहे. लहान मुलाशी लैंगिक गैरवर्तन झाल्याची शंका असेल तर कमिटी नको, बिशपांची भेट नको, सरळ पोलिसांकडे जा. पॉक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. मंडळीचं नाव जाईल म्हणून त्या कुटुंबाला गप्प बसवणं हे पाप आहे.

पाळकांची बदली होईल तेव्हा चार्ज यादी करूनच घ्या-द्या: बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची रजिस्टरं, पावतीपुस्तकं (कोऱ्या पावत्यांच्या क्रमांकासह), बँकेची पासबुकं, किल्ल्या, प्रभुभोजनाची भांडी. यादीवर जाणारे पाळक, येणारे पाळक आणि सेक्रेटरी अशा तिघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत फळ्यावर लावा.