जुनी जर्मन तिकिटं पारखायला बसण्याआधी

घरातल्या जुन्या अल्बममधली जर्मन पानं उघडायची असतील तर आधी टेबल रिकामं करा आणि पंखा बंद ठेवा. शक्यतो कोरडा दिवस निवडा. मुंबई-कोकणाच्या पावसाळी हवेत तिकिटामागचा डिंक ओलसर होऊन पानाला चिकटतो, आणि ते ओढून काढलं की मागचा कागद सोलला जातो. बोटांनी तिकीट उचलायचं नाही, त्यासाठी सपाट टोकांचा चिमटा हवा. दहापट मोठं दाखवणारं भिंग, कडेचे दाते मोजायची पट्टी, काळी उथळ बशी आणि वही-पेन्सिल एवढं जवळ घ्या. जे तिकीट पाकिटावर आहे ते पाकिटावरच राहू द्या. सुटं करायच्या घाईत कितीतरी सुंदर कव्हरं पाण्यात गेली आहेत.

मग तिकिटं वर्षाप्रमाणे न लावता ती कोणी काढली त्याप्रमाणे लावा. १८७१ पर्यंत जर्मनी एक देश नव्हता. बव्हेरियाने १ नोव्हेंबर १८४९ रोजी काळं एक क्रॉयत्सरचं तिकीट काढलं, पाठोपाठ सॅक्सनी, प्रशिया, बाडेन यांनी आपापली काढली. दक्षिणेत क्रॉयत्सर, उत्तरेत बहुतेक ठिकाणी ग्रोशन, त्यामुळे नाव वाचता आलं नाही तरी चलनावरून दिशा कळते. या काळातलं तिकीट अगदी टवटवीत आणि कोरं दिसलं तर हुरळू नका. पुनर्मुद्रणं आणि नकला भरपूर आहेत, हेलिगोलँड या उत्तर समुद्रातल्या बेटाच्या बाबतीत तर मूळ तिकिटांपेक्षा जास्त.

१८७२ पासून साम्राज्याची तिकिटं. त्या पहिल्या वर्षाच्या गरुडाच्या छातीवरची ढाल लहान की मोठी, ते भिंगातून बघा, दोन्ही संच वेगळे. पुढे १८७५ च्या तिकिटांवर नाण्याचं नाव 'फेनिगे' असं आहे, १८८० पासून 'फेनिग', म्हणजे शेवटचं एक रोमन अक्षर गळलं. बाकी चित्र तेच, पण कोऱ्या तिकिटांत १८७५ चा दर बराच वर. मुकुटधारी जर्मानिया (जर्मनीचं स्त्रीरूप) असेल तर खाली 'रायशपोस्ट' लिहिलंय (१९००) की 'डॉइचेस राइश' (१९०२ पासून) ते नोंदवा. मग तिकीट बशीत पालथं ठेवून वॉटरमार्क शोधा, १९०५ पासूनच्या छपाईत शंकरपाळ्यासारख्या चौकटी दिसतात. वॉटरमार्क उठून दिसावा म्हणून बशीत बेन्झिन घालणार असाल तर खिडकी उघडी हवी आणि जवळपास गॅस किंवा उदबत्ती नको.

खरा वेळ राखून ठेवा १९२३ साठी. महागाईने मार्क कोसळला आणि तिकिटाची छापील किंमत पन्नास मिलियार्डपर्यंत, म्हणजे ५,००० कोटी मार्कांपर्यंत गेली. ही कोरी तिकिटं गठ्ठ्यांनी उरली, म्हणून आज ती बहुतेक चिल्लर भावात मिळतात. पण काही तिकिटं काही आठवडेच वापरात होती, त्यामुळे त्याच काळात टपालात खरोखर वापरलेलं तिकीट कोऱ्याच्या कैक पट महाग असू शकतं. साहजिकच खोटे शिक्केही मारले गेले. शिक्क्यातलं गाव आणि तारीख वाचता येते का, ती तारीख ते तिकीट वापरात होतं त्या काळात बसते का, मागे खरं-खोटं ठरवणाऱ्या तपासनिसाची बारीक खूण आहे का, हे सगळं लिहून काढा. शिक्का अर्धवट असेल तर किमतीची आशा धरू नका.

१९५१-५२ च्या पश्चिम जर्मनीच्या पोस्टहॉर्न (टपालाच्या शिंगाचं चित्र असलेल्या) मालिकेत हिशोब नेमका उलटा आहे. वापरलेली सहज मिळतात, पैसा आहे तो अस्पर्श डिंकाच्या कोऱ्या संचाला. म्हणून मागची बाजू तिरप्या उजेडात धरून जुन्या हिंजची (तिकीट अल्बममध्ये चिकटवायच्या कागदी पट्टीची) खूण शोधा. दातांच्या टोकांवर डिंक ओघळलेला दिसला तर तो नंतर लावलेला असण्याचा संशय धरा.

१९४१ ची हिटलरच्या चेहऱ्याची तिकिटं बाजूला काढून ठेवा, अफाट संख्येने छापली गेली. बर्लिनच्या मदतीसाठीची, 'नोटऑप्फर बर्लिन' लिहिलेली इवलीशी निळी करतिकिटंही तशीच. मात्र १९४८-४९ ची 'बर्लिन' अशी तिरपी अक्षरं वरून छापलेली तिकिटं वेगळ्या पाकिटात ठेवा. तज्ज्ञांनी पाहिल्याशिवाय ती खरी समजायची नाहीत.

किंमत ठरवताना मिशेल कॅटलॉग, म्हणजे तिकिटांची जर्मन दरसूची, समोर ठेवा. त्यातले दोन तारे म्हणजे अस्पर्श डिंक, एक तारा म्हणजे हिंजची खूण, वर्तुळ म्हणजे वापरलेलं. त्यातला दर निर्दोष नगाचा असतो, प्रत्यक्ष व्यवहार बहुधा त्याच्या एका हिश्श्यात होतो. तुटका दात, पातळ झालेला कागद, घडी पडलेली असेल तर आणखी खाली. लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या तशाच नगांचे भाव शोधा, मागितलेले नाहीत. जर्मनीतल्या बीपीपी या तपासनिसांच्या संघाच्या सदस्याकडे पाठवायचं असेल तर तपासणीचं शुल्क आणि टपालखर्च वजा जाऊन काही उरतं का ते आधी मांडा, आणि पाठवण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे स्कॅन काढून ठेवा.